एकदाच विचारलेलं

दिवाळीचा फराळ संपत आला होता. डब्याच्या तळाशी चकल्यांचे तुकडे तेवढे उरले होते, आणि सकाळच्या फेऱ्या घालून गच्चीवरून खाली आले की बिंदुमाधवराव त्यातलाच एखादा तुकडा तोंडात टाकत.

गच्चीवर ते नेहमी एकाच अंगाने फिरत. जहाजाच्या डेकवर तशी पाटी असते; सगळ्यांनी एकाच दिशेने चालायचं, म्हणजे कुणी कुणावर आदळत नाही. बेंगळूरूत जयनगरच्या त्यांच्या गच्चीवर पाण्याची टाकी आणि वाळत घातलेल्या साड्या सोडल्या तर आदळण्याजोगं काही नव्हतं. पण दर जानेवारीत ते जहाजाच्या सफरीवर जात, होळीच्या सुमारास परत येत, आणि तिकडच्या काही सवयी त्यांच्यासोबत घरी येत. उन्हाळ्यात त्या विरून जातील असं त्यांच्या मुलीला, श्रीविद्याला, पहिल्या वर्षी वाटलं होतं. विरल्या नाहीत.

जेवणाच्या टेबलावर ते ताटाखाली ओलं फडकं पसरत. समुद्र खवळला की जहाजावरचे वाढपी तसं करतात, ताट सरकू नये म्हणून.

“आपलं टेबल कुठं डोलतंय, अण्णा?” तिनं एकदा विचारलं होतं.

“डोलत नाही. पण सवय बरी असते.”

तेव्हापासून फडकं ओलं करून, पिळून तीच ठेवत असे.

त्या दिवशीही तिनं ठेवलं. कॉलेजला सुट्टी होती. ती जिथं ग्रंथपाल होती ते कॉलेज घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, आणि सुट्टीच्या दिवशी दोघं एकत्र जेवत.

“आज भात नको,” बिंदुमाधवराव म्हणाले. “सारही वाटीतच दे.”

“स्वल्प तरी घ्या.”

“नको म्हटलं ना.”

तिनं चमचाभर भात वाढला. त्यांनी भाताकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि मग त्यांनी तो सारात कालवून खाल्ला.

जहाजावर काय आवडतं, हे त्यांना नीटसं कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारत, काय काय पाहिलंत. त्यांनी फारसं काही पाहिलेलं नसे. बंदर आलं की सगळे टोप्या घालून उतरत, आणि ते उतरत नसत. जहाज रिकामं होई. मग कठड्यापाशी खुर्ची ओढून ते बसत. खाली क्रेन माल वर घेत असे, आणि त्यांना कारखान्यातलं स्टोअर्स आठवे, जिथं त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली होती. फरक एवढाच, की इथं सही मागायला कुणी येत नसे. शर्ट स्वतः इस्त्री करायचा. दुपारी जहाजाच्या वाचनालयात पुस्तक उघडून डुलकी काढायची. संध्याकाळी ठरलेल्या टेबलावर यशवंतपूरच्या खंडोजींसमोर बसायचं. बाजारात जन्म घालवलेल्या खंडोजींना भाज्यांना नावं ठेवल्याशिवाय जेवण जात नसे, आणि त्यात वेळ बरा जाई.

केबिनमध्ये दोन पलंग असत. पहिल्या वर्षी दोघांची केबिन घेतली होती ती बायकोसाठी, कावेरीबाईंसाठी. त्या श्रावणात गेल्या आणि जानेवारीत ते एकटेच जहाजावर चढले. पुढंही त्यांनी दर वर्षी दोघांचीच केबिन घेतली. दुसऱ्या पलंगावर केबिन आवरणारा माणूस रोज टॉवेलचा एक प्राणी करून ठेवी. कधी हंस, कधी माकड. हत्ती कसा करायचा ते बिंदुमाधवरावांनी त्याच्याकडून शिकून घेतलं होतं.

दुपारी त्यांनी तसा एक हत्ती करून श्रीविद्याच्या पलंगावर ठेवला. सोंड वाकडी झाली. नीट करायचा त्यांना कंटाळा आला.

संध्याकाळी एजंटचा फोन येऊन गेला. श्रीविद्या कॉफी घेऊन आली तेव्हा ते चष्मा पुसत होते.

“जानेवारीची केबिन पक्की केली,” ते म्हणाले. “येतेस का यंदा?”

“नको अण्णा. जानेवारीत कॉलेजची तपासणी आहे.”

“सरी, ठीक आहे.”

त्यांनी चष्मा लावला आणि पेपर उलगडला.

श्रीविद्या कॉफीचा पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली. पेला तापला होता, पदरानं धरला होता. दर वर्षी ही जागा अशीच येई. त्यांनी विचारायचं, तिनं नको म्हणायचं, आणि मग ही थोडीशी शांतता, ज्यात आणखी काहीतरी यायला हवं असे. कावेरीबाईंनी तिला लहानपणी शिकवलं होतं, कुणाच्या घरी पहिल्या विचारण्याला हो म्हणू नये. उपाशी घरची दिसतेस. आईची शिकवण तिच्या हाडात उतरली होती. ती पन्नाशीच्या पुढं गेली होती, तरी दुकानात पाणी विचारलं तरी ती आधी नको म्हणत असे.

तिनं पेला टेबलावर ठेवला. “साखर कमी घातलीय,” ती म्हणाली.

“बरं केलंस,” पेपरामागून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फेऱ्यांहून खाली आले नाहीत. ती बोलवायला वर गेली, तर ते टाकीजवळच्या खुर्चीत पूर्वेकडे तोंड करून बसले होते. चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या होत्या. तिनं आधी चपला पाहिल्या आणि तिला कळलं.

*

दहाव्याच्या दिवशी त्यांचा मुलगा गुरुदत्त ओल्या धोतरानं कुडकुडत उभा होता. नोव्हेंबरचं ढगाळ बेंगळूरू, अंगावर उपरणं, डोकं आणि मिशा भादरलेल्या. वरच्या ओठाला वारा लागत होता आणि त्याला सारखं तिथं हात लावावासा वाटत होता. महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात त्याच्या हाताखाली माणसांचे दोन मजले होते. इथं तो आचार्य सांगतील तसा बसत होता, उठत होता.

अपरकर्मासाठी, म्हणजे उत्तरक्रियेसाठी, बांधलेलं ते भवन बनशंकरीच्या बाजूला होतं. मागं अंगण, अंगणाला कमरेएवढी भिंत, भिंतीवर केळीच्या पानात पिंड. कावळा येऊन शिवला की गेलेल्या माणसाचं मागं काही अडलेलं नाही असं समजायचं आणि घरी जाऊन जेवायचं. नाही शिवला, तर मागच्यांनी मोठ्यानं बोलायचं: तुमचं अमुक पुरं करू, तमुक सांभाळू.

कावळा येत नव्हता. कबुतरं होती. भवनाच्या छज्ज्यावर, नळावर, वायरींवर, सगळीकडं कबुतरं.

“कबुतर शिवलं तर चालतं का हो?” गुरुदत्तच्या बायकोनं, अनुषानं, हळूच विचारलं.

“कबुतराला शास्त्रात जागा नाही, अम्मा,” आचार्य म्हणाले. “आपण थांबू. पलीकडं अपार्टमेंट झाल्यापासून झाडं गेली. कावळ्यांनासुद्धा ट्रॅफिक असेल.”

सावित्री आत्या छपराखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. ऐंशी ओलांडलेली, बिंदुमाधवरावांची थोरली बहीण. बायकांनी इथं यायचं कारण नाही असं तिनंच आधी सांगितलं होतं, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी गाडीत तीच बसली होती.

“मी पहिल्या दिवसापासून सांगतेय,” ती म्हणाली. “समुद्र ओलांडलेला माणूस. एकदा नव्हे, दर वर्षी. आधी प्रायश्चित्त करून घ्यायचं होतं.”

“आता ते कोण करतं हो?” आचार्य म्हणाले. “माझाच मुलगा शिकागोला आहे.”

“तो विमानानं गेला.”

“विमानसुद्धा समुद्रावरूनच जातं, आत्या,” गुरुदत्त म्हणाला.

“पाय तरी लागत नाही.”

“अण्णांचाही लागला नाही,” श्रीविद्या म्हणाली. ती भिंतीजवळ तांब्या घेऊन उभी होती. “ते कुठल्या बंदरात उतरतच नसत.”

“मग जायचं कशाला? खोलीत बसायचं तर घरात खोल्या नव्हत्या?”

गुरुदत्तला हसू आलं नाही, कारण हे वाक्य त्याचंच होतं. मागच्या वर्षी त्यानं हेच वडिलांना ऐकवलं होतं. तुम्हाला समुद्रात काही झालं तर आम्ही कुठं धावायचं, असंही म्हणाला होता. ‘काही झालं तर धावू नका,’ ते शांतपणे म्हणाले होते, आणि बॅग भरत राहिले होते. तेव्हा अक्का, त्याची थोरली बहीण श्रीविद्या, त्याच्या बाजूची होती. निदान गप्प तरी होती, आणि तिचं गप्प बसणं त्यानं आपल्या बाजूला धरलं होतं. अण्णा गेल्यापासून ती पलीकडं जाऊन बसली होती आणि तिथून उत्तरं देत होती.

“बोल काहीतरी, गुरू,” आत्या म्हणाली. “त्याचं काय अडलंय बघ.”

तो भिंतीपाशी गेला. आचार्यांनी मान हलवली. मोठ्यानं बोलायची त्याला सवय होती, पण ती सभांमध्ये.

“अण्णा,” तो म्हणाला, “अक्काची काळजी करू नका. मी आहे.”

श्रीविद्यानं तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. कबुतरं जागची हलली नाहीत.

“घराचं बोल,” आत्या म्हणाली.

“घर विकणार नाही.”

अनुषानं त्याच्याकडं पाहिलं. त्यांच्या घरी बोलणं वेगळं झालं होतं. त्यानंही तिच्याकडं पाहिलं आणि मग तो केळीच्या पानाकडं पाहू लागला.

वर एक घार फिरत होती. तिला खाली काही रस नव्हता.

*

खंडोजी आले तेव्हा आचार्यांनी घड्याळ पाहायला सुरुवात केली होती. पांढरा शर्ट, डोक्याला मफलर, हातात रिकामी पिशवी. कुठंही जाताना पिशवी घ्यायची बाजारातली सवय. आल्या आल्या त्यांनी भिंतीला हात जोडले.

“माफ करा. येताना मेट्रोत उलट्या दिशेला बसलो,” ते म्हणाले. “बिंदूराव असते तर एवढ्यावर आठवडाभर हसले असते.”

श्रीविद्यानं त्यांना खुर्ची दिली. फोनवर आवाज ऐकला होता, माणूस पहिल्यांदाच पाहत होती. तिच्या मनातले खंडोजी उंच होते.

“बसा. कॉफी देऊ? थर्मासात आहे.”

“नको, नको.”

“थोडी घ्या.”

“नको, आत्ताच झाली.”

“अर्धा पेला तरी,” अनुषा म्हणाली आणि ओतूनच दिली. खंडोजींनी ती लगेच घेतली आणि दोन घोटांत संपवली.

सावित्री आत्या त्यांच्याकडं निरखून पाहत होती. हाच तो माणूस. याच्या नादानं बिंदू जहाजावर जातो अशी तिनं पहिल्या वर्षीच समजूत करून घेतली होती, आणि ती बदलण्याचं कारण तिला कधी पडलं नव्हतं. आता समोर पाहिलं तर म्हातारा तिच्याएवढाच थकलेला होता.

“तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा,” ती म्हणाली. “त्याचं मन कशात अडकलं होतं? काही बोलला होता? मुलं बोलून दमली. कावळा येत नाही.”

“अडकलं होतं असं…” खंडोजींनी डोकं खाजवलं. “बिंदूराव मागायच्यातले नव्हते. तिकडं आमचा दिवस म्हणजे काय, सकाळी चालायचं, नाश्ता, मग मी पत्ते खेळायला, ते वाचनालयात. बंदर आलं की मी उतरायचो. मला बाजार बघायला लागतो, मग तो कुठलाही असो. ते वर बसून राहायचे. परत आलो की विचारायचे, कांदा कसा दिलाय तिथं?”

आचार्य हसले. आत्या हसली नाही.

“आणि जेवताना?” तिनं विचारलं. “सगळ्यांना धरून धरून वाढायचा ना? आमच्या घरात कुठलंही लग्न असो, जिलबी बिंदूच्या हातात. तो पंगतीत आला की लोक पानावर हात आडवा धरायचे, आणि हा बोटांच्या फटीतून सोडायचा. कुणाचं म्हणून ऐकायचा नाही.”

“ते पहिल्या वर्षीपर्यंत,” खंडोजी म्हणाले.

“म्हणजे?”

“आमच्या टेबलावर एक म्हातारी बाई होती. परदेशातली. एकटीच. बिंदूरावांनी घरच्या चकल्या नेल्या होत्या. तिला म्हणाले, घ्या. ती नको म्हणाली. हे म्हणाले, एक तरी. ती म्हणाली, नको, धन्यवाद. यांनी तिच्या ताटात ठेवली. तिनं उचलून परत यांच्या डब्यात ठेवली. यांनी पुन्हा ठेवली.” खंडोजींनी हातानं ठेवून दाखवली. “तेव्हा तिनं काटा-चमचा खाली ठेवला. रागावली नाही हो. शांतपणे विचारलं, मी नको म्हणते, तर तुम्ही माझ्यावर विश्वास का ठेवत नाही?”

अनुषानं थर्मासचं झाकण लावलं.

“त्या रात्री ते जेवलेच नाहीत,” खंडोजी म्हणाले. “दुसऱ्या दिवशी फेऱ्या मारताना म्हणाले, खंडोजी, सगळा जन्म मी लोकांना वाढलं, आणि एकावरही विश्वास ठेवला नाही. मी म्हटलं, अहो, ती गोरी बाई, तिला आपली रीत काय माहीत. तर म्हणाले, तसं नाही. माझी कावेरी मरेपर्यंत मला सांगायची, मला अमुक नको, तमुक नको. मी दर वेळी तिला आणूनच दिलं. तिला खरंच नको होतं का, हे मी कधी ऐकूनच घेतलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी एकदाच विचारायचं ठरवलं. विचारायचं, समोरचा जे म्हणेल ते खरं मानायचं. मला पत्ते खेळायला एकदा बोलावतील, दुसऱ्यांदा नाही. मला तर आधी वाटलं, माझा राग आलाय यांना.”

श्रीविद्यानं तांब्या भिंतीवर ठेवला. तो नीट बसला आहे की नाही हे ती पाहत राहिली.

आत्याला खुर्ची टोचू लागली. ती उठून उभी राहिली, आणि आपण उठलो कशाला हे तिला आठवेना. तिला आठवलं ते वेगळंच. मागच्या की त्या मागच्या वर्षी, संक्रांतीच्या आधी, बिंदू तिच्याकडं मल्लेश्वरमला आला होता. एळ्ळू-बेल्ला म्हणजे तिळगूळ घेऊन. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाला होता, ‘सावित्रक्का, यंदा जहाजावर येतेस? समुद्र पाहिला नाहीस तू.’ ती म्हणाली होती, ‘चल, काहीतरीच. या वयात?’ तो ‘सरी’ म्हणाला आणि लिफ्टकडं गेला. ती दार लोटून घेऊन बराच वेळ दाराच्या आतच उभी होती. बेल वाजेल असं तिला वाटलं होतं.

“मलाही विचारलं होतं त्यानं,” ती म्हणाली.

“कशाचं?” गुरुदत्तनं विचारलं.

“जहाजावर येतेस का म्हणून.”

गुरुदत्त तिच्याकडं पाहतच राहिला. “तुम्हाला? मग काय म्हणालात?”

“नको म्हणाले. मग काय म्हणणार? पहिल्यांदा विचारल्यावर कोण हो म्हणतं?” तिचा आवाज चिडका झाला. “मला काय माहीत याला कुणी गोऱ्या बाईनं शहाणं करून सोडलंय. मी आपली वाट बघत बसले.”

“पण आत्या, तुम्ही तर म्हणत होता, समुद्र ओलांडला की…”

“ते प्रायश्चित्त घेतलं असतं की मी,” आत्या म्हणाली. “त्याला काय, तासाचं काम.”

अनुषाच्या तोंडून हसू निसटलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग खंडोजी हसले, मग आचार्य, आणि शेवटी आत्याही. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि पुसत राहिली. अनुषानं जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. लग्न होऊन आल्यापासून या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालेलं गुरुदत्तनं पाहिलं नव्हतं, आणि आता त्या एकाच उपरण्यात नाकं पुसत होत्या. उपरणं त्याचं होतं.

“तुम्हाला कुणाला विचारलं होतं का?” खंडोजींनी सगळ्यांकडं पाहत विचारलं. “मुलीला दर वर्षी विचारतो म्हणायचे. तिचं कॉलेज असतं म्हणायचे.”

सगळ्यांनी श्रीविद्याकडं पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “परीक्षा असायच्या. यंदा तपासणी होती.”

“तेच म्हणायचे. तिला कामातून वेळ नसतो, आणि ती उगाच नाही म्हणणारी मुलगी नव्हे. तिनं नको म्हटलं म्हणजे नको. मी एकदा सुचवलं होतं, दुसरा पलंग रिकामाच जातो तर माझ्या पुतण्याला घ्या. तर म्हणाले, राहू द्या. तिचं मन बदललं तर जागा असावी.”

खंडोजींनी रिकाम्या पेल्यात पाहिलं. “ती जागा तशीच असायची हो. त्यावर ते स्वतःचं वर्तमानपत्रसुद्धा ठेवत नसत.”

श्रीविद्याला पलंगावरचा तो हत्ती आठवला, वाकड्या सोंडेचा. त्या संध्याकाळी तो उलगडून तिनं त्याच टॉवेलानं अंग पुसलं होतं. हातात पेला होता तेव्हाची शांतताही आठवली. ती इतकी वर्षं समजत होती, की एकदाच विचारणं म्हणजे विचारायचं म्हणून विचारणं. पाहुण्याला ‘जेवूनच जा’ म्हणतात, तसं. त्या शांततेत तिला दर वर्षी थोडा राग येई, मग दिवसभर ती भांडी जरा जोरात ठेवी, आणि ते विचारत, डोकं दुखतंय का? ती म्हणे, नाही. तेही ते खरं मानत.

“वेळ होत आली,” आचार्य म्हणाले. “आता दर्भाचा कावळा करू. शास्त्रात सोय आहे.”

*

त्यांनी दर्भाच्या काड्या दुमडल्या, गाठ मारली, चोच काढली. कावळा म्हटलं तर कावळा वाटत होता. गुरुदत्तच्या हातात देऊन त्यांनी तो पिंडाला लावायला सांगितला. त्यानं लावला. मंत्र झाले. पाणी सोडलं. झालं.

सगळ्यांचे खांदे उतरले. अनुषानं थर्मास, पेले, आत्याची शाल गोळा केली. खंडोजींना आत्यानं जेवायला घरी यायला सांगितलं. ते नको म्हणाले. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं आणि तिसऱ्यांदाही सांगितलं. ते येतो म्हणाले.

गुरुदत्त कोरडा शर्ट घालून गाडीची किल्ली शोधत श्रीविद्याजवळ आला. जवळून त्याचा चेहरा, मिशा नसलेला, शाळेतल्यासारखा दिसत होता.

“अक्का, एजंटचा फोन येतोय सारखा,” तो म्हणाला. “जानेवारीचं काय करू? रद्द करायला सांगू?”

“सांग.”

“नक्की?”

ती त्याच्याकडं पाहत राहिली. त्याला उन्हाचा त्रास होत असल्यासारखे त्यानं डोळे बारीक केले होते, पण ऊन नव्हतं.

“उद्या बोलू,” ती म्हणाली.

“बरं. चल, आत्या गाडीत बसलीय. पुढं बसायचं म्हणते.”

“तांब्या घेऊन येते. तू हो पुढं.”

तो गेला. भवनाच्या दारात त्याच्या चपला वाजल्या, मग गाडीचं दार. आचार्य आतल्या खोलीत पुढच्या कुटुंबाची तयारी करू लागले होते. कुणाची तरी नावं, गोत्र विचारत होते. अंगण रिकामं झालं. कबुतरं छज्ज्यावरून उतरून भिंतीवर आली आणि केळीच्या पानाभोवती फिरू लागली. तिनं त्यांना हाकललं नाही.

कावळ्याचं काम झालं होतं. आता इथं कुणी बोललं काय, न बोललं काय, त्यानं काही व्हायचं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं आणि त्यामुळंच बहुधा तिला उभं राहता येत होतं. मघाशी सगळे ऐकत असताना, कावळा यावा म्हणून, तिला ते बोलता आलं नसतं.

तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी भिंतीच्या कडेला ओतलं. ओल्या जागेवर तांब्या ठेवला. तो हलला नाही.

“अण्णा,” ती म्हणाली. आवाज फार लहान आला. तिनं घसा साफ केला आणि वाचनालयात कधी बोलत नसे तेवढ्या मोठ्यानं म्हणाली, “तुम्ही विचारलंत तेव्हा मी नको म्हणाले. तुम्ही ते खरं मानलंत. ते खरं नव्हतं, अण्णा. मला यायचं होतं.”

बाहेर गुरुदत्तनं हॉर्न वाजवला, एकदाच.

“दर वर्षी यायचं होतं,” ती म्हणाली.